सोबतीची हमी

ज्यांच्या घरी मतिमंद, स्वमग्न, मेंदूच्या पक्षाघाताने जखडलेले अथवा दीर्घ मनोविकाराने ग्रासलेले अपत्य लहानाचे मोठे झाले आहे, अशा आईबापांच्या सहवासात जो कोणी चार घटका बसला असेल, त्याच्या कानी एक प्रश्न हटकून आलेला असतो, औषधपाणी, शाळा, दाखले, पेन्शन असे सर्व विषय बोलून झाल्यावर पाहुणा उठायला निघाला की आई विचारते, "आमच्या माघारी याचं काय?" या प्रश्नाला आज महाराष्ट्रात प्रामाणिकपणे दोनच उत्तरे देता येतात, एक नातलगांची दया आणि दुसरे संस्थेचे फाटक. तिसरा मार्ग, म्हणजे ज्या आळीत जन्म गेला त्याच आळीत, ओळखीच्या माणसांत, लागेल तेवढी मदत हक्काने घेऊन राहण्याचा मार्ग, कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला आहे. परंतु त्या मार्गाने चालता येईल अशी तजवीज सरकारने अद्याप केलेली नाही. ती तजवीज कायद्याने बंधनकारक व्हावी, तिच्यासाठी स्वतंत्र निधी असावा, आणि ती न झाल्यास नागरिकाला दाद मागता यावी, एवढेच या लेखाचे मागणे आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने तो स्वतःवर बंधनकारक करून घेतला. कोठे राहावे आणि कोणाबरोबर राहावे हे ठरविण्याचा अधिकार इतरांइतकाच अपंग व्यक्तीलाही आहे, आणि घरी येऊन मदत करणारे माणूस मिळणे हा त्या अधिकाराचाच भाग आहे, असे त्या कराराचा एकोणिसावा अनुच्छेद सांगतो. त्याला अनुसरून आपल्या संसदेने २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा केला; तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, आणि १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे जे ७ प्रकार मान्य होते ते २१ झाले. या कायद्याच्या पाचव्या कलमाने समाजात राहण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती कोणावर होऊ नये असे म्हटले आहे, आणि वैयक्तिक मदतनिसासह घरपोच सेवांचा उल्लेखही केला आहे. चोविसाव्या कलमात अधिक साहाय्याची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचे नाव आहे. अडतिसाव्या कलमात अशा साहाय्यासाठी अर्ज करण्याची आणि मूल्यमापन मंडळाने तो तपासण्याची रीत सांगितली आहे. मनोरुग्णांविषयी तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे एकोणिसावे कलम अधिक नेमके आहे. घर नाही, घरचे स्वीकारत नाहीत, किंवा गावात सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असे ते बजावते.

कलमांची भाषा उदार आहे. तिच्यात उणीव आहे ती बंधनाची. पाचव्या कलमाने हक्क दिला, पण तो पुरा करण्यासाठी सरकारवर केवळ प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकली. किती दिवसांत, किती खर्चाने, आणि प्रयत्न झाला नाही तर कोणी कोणाला काय द्यावे, याविषयी ते मौन पाळते. चोविसावे कलम सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत आहे, आणि अडतिसावे कलम सरकारने वेळोवेळी काढलेल्या योजनांच्या व आदेशांच्या अधीन आहे. ज्या हक्काला मुदत नाही आणि ज्याच्यामागे पैसा नाही, तो हक्क तहसील कचेरीच्या खिडकीपाशी मागता येत नाही. तेथला कारकून कितीही सहृदय असला तरी त्याच्यापाशी त्या नावाचा छापील अर्जच नसतो.

ही उणीव अपघाताने आलेली नाही. आपल्या कायद्यांची घडणच दीर्घकाळ याच्या उलट दिशेने झालेली आहे. इंग्रजी अमदानीत १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला, १८९८ साली निर्धन कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात डांबण्याचा कायदा झाला, १९१२ साली वेड्यांविषयीचा सर्वंकष कायदा झाला. आणि या तिन्ही कायद्यांचा मुख्य हेतू, त्या माणसाचे आयुष्य कसे चालेल यापेक्षा त्याच्यामुळे इतरांना उपद्रव कसा होणार नाही, हा होता. स्वराज्य आल्यावरही हा हेतू लगेच मावळला नाही. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा घ्या. पैसे मिळावेत म्हणून आपली जखम, व्रण अथवा शरीराचे व्यंग दाखविणे हा त्याच्या व्याख्येनुसार भिक्षेचाच प्रकार आहे, आणि ज्याचे असाहाय्य होणे बरे होण्यासारखे नाही अशा भिक्षेकऱ्याला मुदत संपल्यावरही स्थानबद्ध ठेवण्याची मुभा त्यात आहे. हात नसलेल्या माणसाने हात पसरला तर त्याला अटक करण्याची तरतूद आम्ही सविस्तर लिहिली. त्याच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून करावयाची तरतूद मात्र प्रयत्नावर सोपविली. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्याची मुख्य कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली. १८९८ चा कुष्ठरोग्यांचा कायदा तर २०१६ पर्यंत पुस्तकात शिल्लक होता.

माणसाला नजरेआड ठेवले म्हणजे पुढे काय होऊ शकते, याची उदाहरणे शोधण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूर येथील मतिमंद मुलींच्या सरकारी वसतिगृहातील मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. मासिक पाळीच्या वेळी या मुलींना स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, हे त्याचे कारण सांगण्यात आले. स्त्री-संघटनांनी आवाज उठविला, देशभर गदारोळ झाला आणि सरकारने पुढील शस्त्रक्रिया थांबविल्या. पण तोवर अनेक मुलींच्या शरीरावर सुरी चालून गेली होती. या प्रकारात कोणी राक्षस नव्हता, आणि म्हणूनच तो अधिक विचार करायला लावणारा आहे. तेथे होते ते वसतिगृहाची सोय पाहणारे व्यवस्थापन. अपुरी माणसे, पुष्कळ मुली आणि रोजची धुलाई, यांच्या हिशेबात मुलीचे गर्भाशय ही एक अडचण ठरली. घरात आई, बहीण किंवा शेजारीण जे महिन्यातून चार दिवस हाताने करते, त्यासाठी संस्थेपाशी हात नव्हते, म्हणून अवयव काढला गेला. आज २०१६ च्या कायद्याच्या दहाव्या कलमाने संमतीशिवाय अशा शस्त्रक्रियेला मनाई केली आहे. परंतु ज्या परिस्थितीतून ती कल्पना सुचली, ती परिस्थिती मनाईने बदलत नाही.

पुढे २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत एरवाडी येथे साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून गेले. २०११ साली पनवेलनजीक कळंबोलीच्या एका खाजगी गृहात मतिमंद मुलींवर झालेल्या अत्याचारांनी महाराष्ट्र हादरला, आणि २०२४ च्या जुलैत राजधानी दिल्लीतील आशाकिरण या सरकारी गृहात एका महिन्यात १४ जणांचे मृत्यू झाले. दर वेळी चौकशी नेमली जाते, दर वेळी तपासणी कडक करण्याचे हुकूम सुटतात. तपासणी अवश्य व्हावी. परंतु ज्याला बाहेर जाता येत नाही, ज्याचे बोलणे बाहेरच्या कोणाला ठाऊक नाही आणि ज्याची वाट पाहणारे कोणी नाही, त्याचे रक्षण निरीक्षकाच्या वार्षिक भेटीने होईल, ही अपेक्षाच फोल आहे. शेजारपाजार हीच सर्वांत मोठी तपासणी असते. पोर दोन दिवस ओट्यावर दिसले नाही तर चौकशी करणारी बाई कोणत्याही शासन निर्णयाने नेमलेली नसते.

येथे एक गैरसमज होऊ नये. बाबा आमट्यांचे आनंदवन, शिवाजीराव पटवर्धनांचे अमरावतीचे तपोवन, नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड, या संस्थांविषयी ज्याच्या मनात कृतज्ञता नाही त्याने या विषयावर बोलूच नये. ज्या काळी कुष्ठरोग्याला गावाची विहीर बंद होती, त्या काळी आनंदवनाने त्याच्या झडलेल्या बोटांना काम दिले आणि त्याच्या हातचे धान्य व भाजी वरोऱ्याच्या लोकांच्या ताटात आणली. नसीमाताईंचे सारे काम चाकांच्या खुर्चीतील माणसाला घराबाहेर, शाळेत, कारखान्यात आणि संसारात नेण्याचे आहे. गावाने दार लावले म्हणून त्यांनी छप्पर बांधले. त्या छपराचा दाखला देऊन गावाने आपले दार कायमचे लावून घ्यावे, हा त्यांच्या कार्याचा विपरीत अर्थ होय, आणि सरकारने तर तो मुळीच करू नये.

अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळच्या वझ्झर येथील शंकरबाबा पापळकर यांचे उदाहरण या दृष्टीने मला फार महत्त्वाचे वाटते. रेल्वे स्थानकांवर, उकिरड्यांवर टाकून दिलेली अपंग व मतिमंद मुले त्यांनी आपली म्हणून वाढविली, त्यांना आपले नाव दिले, त्यांच्याकडून माळावर झाडे लावून जगवून घेतली, काहींची लग्ने लावून दिली. अनाथ मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृहाचे दार त्याच्यासाठी बंद होते, ही सरकारी रीत. पण ज्याला बोलता येत नाही, चालता येत नाही, त्याने अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी जावे कोठे, हा प्रश्न शंकरबाबा गेली कित्येक वर्षे प्रत्येक सरकारला विचारीत आले आहेत आणि त्यासाठी कायदा करा असा त्यांचा तगादा आहे. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मान झाला, त्याचा आनंद आहे. कायदा झाला नाही. त्यांच्या मागणीत मी एवढीच भर घालू इच्छितो की, अठरा वर्षांनंतरची ती सोय आणखी मोठ्या गृहाची नसावी, तर गावातल्या घराची असावी.

त्याच अमरावती जिल्ह्यात ऋद्धिपूर आहे. तेराव्या शतकात तेथे गोविंदप्रभू वावरत असत. महानुभावांच्या श्रद्धेने ते ईश्वरावतार, परंतु त्यांच्या लीळा सांगणारा जो ग्रंथ मराठी गद्याच्या आरंभकाळी लिहिला गेला, त्यातले त्यांचे वागणे लौकिक दृष्टीने वेड्याचे म्हणावे असेच आहे. मनाला येईल त्या घरात शिरणे, मिळेल ते खाणे, क्षणात रागावणे, क्षणात हसणे. आणि सारे गाव, त्यातही गोरगरीब बायाबापड्या, त्यांना सांभाळून घेत असत, त्यांच्याशी बोलत असत, त्यांना आपले आईबाप म्हणत असत. मध्ययुगातील प्रत्येक वेड्याच्या वाट्याला असे भाग्य आले असेल असा भाबडा समज मी करून घेत नाही. पण माणसाला बरे करण्याची अट न घालता त्याला गावात ठेवून घेणे ही कल्पना न्यूयॉर्कहून कराराच्या कागदावर बसून आलेली नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येईल.

आता गरज कशाची असते ते जवळून पाहू. लातूरकडच्या एका खेड्यात मी पाहिलेले घर दोन खोल्यांचे, पत्र्याचे. त्यात राहणारा मुलगा, मुलगा म्हणायचे एवढेच, वय चाळिशीच्या घरातले. मेंदूच्या पक्षाघातामुळे दोन्ही पाय आणि उजवा हात निकामी, बोलणे अडखळत, बुद्धी चांगली तल्लख. साठी ओलांडलेली आई रोज सकाळी त्याला काखेत धरून खाटेवरून उतरविते, उंबरा ओलांडून परसात नेते, त्याची शौचाची, अंघोळीची सोय करते, आणि परत खाटेवर बसवून त्याला भाकरी कुस्करून देते. या सगळ्याला दीड तास लागतो आणि दिवसभराच्या कामांत तिला सर्वांत जड जाते ते हेच. उरलेल्या दिवसाची त्याला अडचण नाही. संध्याकाळी गल्लीतली पोरे त्याला चाकाच्या फळीवरून मारुतीच्या पारावर नेतात. भजनाच्या वेळी कोणता अभंग झाला आणि कोणता राहिला हे त्याच्याइतके कोणाच्या ध्यानात नसते, आणि बुवासुद्धा त्याला विचारून पुढचा अभंग घेतात. या माणसाला काय हवे? सकाळी दीड तास एक धडधाकट माणूस, उंबऱ्याला उतार, परसात धरायला एक कठडा आणि बसायला एक भोक पाडलेली खुर्ची. एवढे मिळाले तर आईच्या माघारीही तो त्याच खाटेवर, त्याच पारावर आयुष्य काढील. हे मिळाले नाही, तर ज्या दिवशी आईची कंबर धरील त्या दिवशी त्याला दूरच्या एखाद्या गृहात पोचते करण्यावाचून नातलगांपुढे मार्ग नाही. तेथे त्याला वेळेवर जेवण मिळेल, पण पुढचा अभंग कोणता हे त्याला कोणी विचारणार नाही.

या घराला सरकारकडून जे मिळते तेही सांगितले पाहिजे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दिव्यांगाला आता दरमहा २,५०० रुपये मिळतात. केंद्राचे निवृत्तिवेतन दीर्घकाळ दरमहा ३०० रुपयांवर थिजलेले आहे. एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, पण गाडीच्या पायऱ्या चढविण्यासाठी दोन माणसे लागतात. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, सिव्हिल हॉस्पिटलमधले अपंगत्वाचे प्रमाणपत्र, त्यासाठी जिल्ह्याच्या गावी फेऱ्या, हे सर्व आईने केले आहे. मात्र सकाळच्या दीड तासाची मदत या नावाची बाब महाराष्ट्राच्या अंदाजपत्रकात तिला सापडत नाही. हाच मुलगा उद्या एखाद्या अनुदानित निवासी गृहात दाखल झाला असता, तर त्याच्या नावाने परिपोषण अनुदान, कर्मचाऱ्यांचे पगार आणि इमारतीचे भाडे या बाबी आपोआप सुरू झाल्या असत्या. माणूस घर सोडतो तेव्हा सरकारी पैसा त्याला भेटतो; घरी राहतो तोवर भेटत नाही. ही आपल्या धोरणातील मूळ विसंगती आहे, आणि तिला हात घातल्याशिवाय पाचव्या कलमातील हक्काला अर्थ येणार नाही. केरळने 'आश्वासकिरणम्' या योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला दरमहा ६०० रुपयांची मदत ठरविली. रक्कम अगदीच तुटपुंजी, पण घरच्या सेवेला सरकारी हिशेबात एक ओळ मिळाली.

महाराष्ट्राने हे कसे करावे, यासाठी परदेशाचा नमुना मागविण्याची आवश्यकता नाही. तो आपल्याच दफ्तरात आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे एक प्रयोग केला. त्यातून रोजगार हमी योजना निघाली, दुष्काळात ती राज्यभर पसरली, आणि १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाही दिले तर बेकारभत्ता, आणि खर्चासाठी व्यवसायकराचे स्वतंत्र उत्पन्न व सरकारची तितकीच भर, असा तो तिपेडी बंदोबस्त होता. शहरातील नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या पैशाने खेड्यातील मजुराची चूल पेटावी, हे त्या वेळच्या मराठी मध्यमवर्गाने मान्य केले, ही आपल्या सार्वजनिक जीवनातील अभिमानाची गोष्ट आहे. पुढे २००५ साली केंद्र सरकारने तोच विचार देशासाठी स्वीकारला. हमी, मुदत, निधी आणि भरपाई ही चारही अंगे एकत्र आल्यामुळे तो कायदा गरिबाला मागता आला.

तीच चार अंगे असलेला सोबतीच्या हमीचा कायदा महाराष्ट्राने करावा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत अपंगांच्या साहाय्याचा विषय राज्यांच्या सूचीत आहे, तेव्हा अधिकाराची अडचण नाही. दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाल्याची घोषणा ३ डिसेंबर २०२२ रोजी झाली, तेव्हा यंत्रणेचीही सबब नाही. अर्ज ग्रामसेवकाकडे अथवा प्रभाग कार्यालयात द्यावा. मूल्यमापन करणाऱ्याने घरी यावे, कारण उंबरा किती उंच आहे हे जिल्हा रुग्णालयात बसून कळत नाही. ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या तासांचा मदतनीस मिळावा, त्याची निवड त्या दिव्यांग व्यक्तीने करावी आणि मजुरी सरकारने द्यावी. मदतनीस न मिळाल्यास ती रक्कम भरपाई म्हणून घरी यावी. घरी मदत देऊ केल्यावाचून कोणालाही निवासी गृहात दाखल करून घेता येऊ नये, आणि आज जे अशा गृहांत आहेत त्यांच्यापैकी प्रत्येकाला, कोठे राहायचे आहे, हे त्याला समजेल अशा रीतीने विचारले जावे. एखाद्या सोसायटीत चार मतिमंद प्रौढांना भाड्याने घर नाकारले गेले, तर त्याविरुद्ध दाद लागावी. मदतनिसाचे हे काम गावातल्या गावात रोजगार देणारे आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते स्त्रियांना मिळेल. आज तेच काम स्त्रिया बिनमोल करीत आहेत.

आक्षेप घेतले जातील, आणि त्यांतील काही खरे आहेत. खर्चाचा आक्षेप मला फारसा गंभीर वाटत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे २९.६३ लक्ष अपंग व्यक्ती आहेत, पण त्यांतील फार मोठ्या वर्गाला उतार, रस्ता, शाळा आणि काम एवढेच हवे असते, रोजची सोबत लागणारे त्या मानाने थोडे. अधिक गंभीर इशारा अमेरिकेचा आहे. १९६३ साली तेथे मनोरुग्णालये रिकामी करून गावोगावी मानसिक आरोग्य केंद्रे काढण्याचा कायदा झाला. रुग्णालये रिकामी झाली, केंद्रांना मात्र पुरेसा पैसा मिळाला नाही, आणि अनेक दुर्बळ जीव पदपथावर किंवा तुरुंगात गेले. महाराष्ट्रातही मनोरुग्णालयांतून बऱ्या झालेल्यांची रवानगी भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत होत असल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या जुलैत नापसंती दर्शवून ते बंद करण्यास सांगितले. म्हणून आधी सोबत द्यावी, मग संस्थेचे फाटक उघडावे, हा क्रम कायद्यातच लिहिला पाहिजे. स्वीडनने तसेच केले. १ जानेवारी १९९४ पासून वैयक्तिक मदतनीस हा तेथे कायदेशीर हक्क झाला, आणि मतिमंदांच्या मोठ्या संस्था १९९९ च्या अखेरपर्यंत बंद कराव्यात असा कायदा त्यानंतर झाला. आपल्याकडेही चेन्नईच्या 'द बनियन' या संस्थेने वर्षानुवर्षे रुग्णालयात राहिलेल्या चार-पाच जणांना एकत्र, साध्या वस्तीतील भाड्याच्या घरात ठेवण्याचा प्रयोग यशस्वी केला आहे, आणि तो आपल्या रत्नागिरीपर्यंत आला आहे. पुण्याच्या बापू ट्रस्टमधून भार्गवी दावर यांनी वस्त्यांमध्ये राहूनच मानसिक आरोग्याचे काम उभे केले आणि डांबण्याला पर्याय असतो हे आयुष्यभर मांडले.

कुटुंबातही अत्याचार होतात, मालमत्तेसाठी भावंडे भावाला लुबाडतात, हा आक्षेपही खराच आहे. पण त्याचे उत्तर पालकत्वाचा कागद हे नव्हे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची समिती पालक नेमते, बँकेत खाते उघडण्यासाठीसुद्धा तो कागद मागितला जातो, आणि एकदा मुखत्यारी दुसऱ्याच्या हाती गेली की त्या माणसाला काय वाटते हे विचारण्याची गरज कोणाला भासत नाही. २०१६ च्या कायद्याने मर्यादित पालकत्व, म्हणजे त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून, ठरावीक बाबीपुरते आणि ठरावीक काळापुरते, हा मार्ग दाखविला आहे. राज्याच्या कायद्याने तोच धरावा. ज्याच्या घरी रोज सकाळी बाहेरचा मदतनीस येतो, त्याच्या घरात काय चालले आहे ते चार भिंतींत राहत नाही, हाही या हमीचा मोठा लाभ आहे.

असा कायदा आपोआप होत नाही. १९९५ चा कायदासुद्धा अपंगांनी स्वतः दिल्लीच्या थंडीत रस्त्यावर येऊन संसदेच्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत संमत करून घेतला होता. त्यांच्या अग्रभागी जावेद आबिदी हे चाकांच्या खुर्चीतून होते. महाराष्ट्रात ही मागणी विधिमंडळापर्यंत पोचायची तर ती आधी गावागावांतून नोंदली गेली पाहिजे, आणि त्याला आजच्या नियमांत वाव आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी असा शासनाचा आदेश आहे. वाचकांनी येत्या ग्रामसभेत उभे राहून, शहरात असल्यास आपल्या नगरसेवकाला पत्र लिहून, तीन गोष्टी विचाराव्यात: गेल्या वर्षी ही रक्कम किती होती, ती कशावर खर्च झाली, आणि गावात अशी किती घरे आहेत की जेथे सकाळच्या मदतीला माणूस मिळाले नाही तर कोणाला तरी घर सोडावे लागेल. उत्तर तोंडी घेऊ नये. इतिवृत्तात लिहून घ्यावे.